राखून ठेवलेला नाच

“नानतेनिन, तुमच्या घरात फडक्यांचा दुष्काळ पडलाय का गं?” माबिंतीने भिंतीवरून डोकं वर काढून विचारलं. “काल तुझी सारन माझ्याकडे झगा मागायला आली. चांगला देत होते तर नको म्हणाली, फाटकाच पाहिजे. मी म्हटलं, बाई, औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून बसतेस आणि माझं पोतेरं कशाला नेतेस? तर नुसती हसली.” नानतेनिनचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळीच्या पिंपात होते. “दिलास?” तिने विचारलं. “दिला की. काखेत उसवलेला, पाठीवर ठिणग्यांनी जळलेला. मेल्यावर त्याच्यातच मला पुरा म्हणणार होते, पण तुझ्या लेकीचं मन बसलं त्याच्यावर.” माबिंती आपल्याच विनोदावर खूश होऊन खाली उतरली आणि पुन्हा मासे धुरी देण्याच्या भट्टीपाशी जाऊन बसली. तिकडचा धूर रोजच्यासारखा भिंत ओलांडून आला, नानतेनिनचे डोळे चुरचुरले, आणि पिंपातलं कापड वर काढायची वेळ टळून गेली तरी तिचे हात आत तसेच राहिले.

माबिंती किनाऱ्यावरची, सुसू जमातीची. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं ते बरंच. नानतेनिनच्या मुलखात, तिकडे वर मोठ्या नदीकाठी, एखाद्या सुनेने दारोदार फाटके कपडे मागायला सुरुवात केली की विहिरीवर दुसरा विषय निघत नसे. कारण असल्या चिंध्या एकाच कामाला लागतात. बाईला जगण्यातलं काही सोसेना झालं की ती मनातल्या मनात बोलते: एवढं निभावू दे, मी मोरीबायासा नाचेन. आणि ते निभावलं की मग चिंध्या गोळा करायच्या, ढोलवाल्याला मानाचे कोला द्यायचे, चघळायच्या त्या तुरट बिया, आणि त्या चिंध्या अंगावर घालून गावाभोवती नाचत फिरायचं, मागून बायका गात असतात, शेवटी ते सगळं उतरवून झाडाखाली पुरायचं आणि नवे कपडे घालून घरी यायचं. आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा बोलायची सोय नाही, मग आभाळ कोसळलं तरी. म्हणून शहाण्या बायका जीव अगदी कंठाशी आल्याशिवाय हे बोलत नाहीत. नानतेनिनने कापड वर ओढलं. हवा लागताच हिरव्याचं निळं व्हायला लागलं, पण नेहमीपेक्षा फार गडद, जवळजवळ काळं. गिऱ्हाईक कुरकुर करणार. करू दे, ती मनाशी म्हणाली, आणि तिला एकाएकी हसू यायला लागलं. सारनला दिवस गेलेत. दुसरं काय असणार? लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या नवऱ्याच्या, फोदेच्या, आईने टोमणे मारायचंसुद्धा सोडून दिलं होतं, डॉक्टर झाले, पाला-मुळ्या झाल्या, ताईत झाले. आणि आता पोरीने गुपचूप नवस बोलून टाकला असणार आणि तो पावलाही असणार. आईला सांगितलं नाही, पण तेही रीतीला धरूनच. पोट दिसेपर्यंत असल्या गोष्टी आईलाही सांगायच्या नसतात. नानतेनिनने हातमोजे काढले आणि निळसर नखांच्या बोटांनी डोळे पुसले. मग ती अंगणातल्या बाकड्यावर बसली, आणि आनंदाच्या पाठोपाठ काहीतरी सरपटत येतंय असं तिला वाटलं.

ते काय आहे हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ती त्याला मागल्या दाराने बाहेर घालवत आली होती. सारनच्या वयाची असताना, नाही, त्याहूनही लहान असताना, ती अशीच एका बाकड्यावर बसली होती, सासरच्या अंगणात, फोनिओचे बारीक दाणे पाखडत. सासू आत कुणाशी तरी बोलत होती, आणि मुद्दाम ऐकू जाईल अशाच आवाजात: “शेत चांगलं आहे हो, पण पीक नसेल तर माणसाने दुसरं शेत बघावं.” नवरा बाकारी रेल्वेत होता, मालगाडीवर, आठवड्यातून एकदा घरी यायचा आणि आल्यावर आईपुढे तोंड उघडायचा नाही. त्या संध्याकाळी नानतेनिन नदीवर गेली आणि पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहून बोलली. मोठ्याने नाही, पण ओठ हलले असतील. एक मूल दे, मी मोरीबायासा नाचेन. पाणी गार होतं, पायाच्या बोटांना शेवाळ लागत होतं, पलीकडच्या काठावर कुणी तरी गाढवाला शिव्या देत होतं. पुढच्या पेरणीला सारन पोटात होती. हे सगळं ती आजही असं पाहू शकायची की जणू पाय अजून ओले आहेत. त्यानंतरचं मात्र तिला नीट पाहता येत नसे. बाळंतपण जड गेलं, मग पाऊस लागला, पावसात कोण नाचतं? पाऊस संपला तर सासरा गेला, सुतकात ढोल कसा वाजवायचा? मग बाकारीची बदली कोनाक्रीला झाली आणि ते सामान बांधून गाडीत बसले. सासू म्हणाली, “पुढल्या वर्षी ये आणि फेडून जा.” आणि ती हो म्हणाली. तोवर तरी मनात काही पाप नव्हतं.

पाप, हा शब्दही मोठा होतो. सारनला गोवर निघाला तेव्हा ते सुरू झालं. पोर तापाने तापलेली, सगळ्या वाडीत मुलं दगावत होती, आणि तिच्या उशाशी बसल्या बसल्या नानतेनिनच्या मनात आलं: बरं झालं आपण अजून नाचलो नाही. म्हणजे एक हातचा आहे. वेळ पडली तर. विचार इतक्या सहज आला की तिने त्याला अडवलंही नाही. पोर बरी झाली, हातचा हातीच राहिला. त्या दिवसापासून तो नाच तिने जपून ठेवला, गरिबाच्या घरात तुपाची बरणी जपतात तसा, पाहुणे येतील म्हणून, आणि पाहुणे येतात तेव्हा आणखी मोठे पाहुणे येतील म्हणून. रेल्वे बंद पडली, बाकारी घरी बसला, तेव्हा तिने ठरवलं, नाही, याहून वाईट दिवस येतील. ती निळीचं काम शिकली आणि निभावलं. सारन परीक्षेत नापास झाली. हेही नाही. घरमालकाने बाहेर काढलं. हेही नाही. बाकारी गेला तो एका सकाळी तोंड धुता धुता, हातात लोटा तसाच. बोलायला वेळच मिळाला नाही. लोक म्हणाले, किती शांत मरण. तिच्या मनात मात्र कितीतरी दिवस एकच घोळत होतं, की माझ्याकडे एक होतं आणि ते मी वापरलं नाही. घरात छत्री असून भिजत आल्यासारखं वाटायचं तिला, आणि त्याचा राग बाकारीवरच यायचा, की थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं.

मग सारनचं लग्न झालं आणि वर्षं जायला लागली. पोरीचं पोट रिकामं राहिलं तसं नानतेनिनला वाटलं, हाच तो मोठा पाहुणा. एका शुक्रवारी नमाजानंतर तिने मनातल्या मनात बोलून टाकलं: सारनला मूल होऊ दे, मी नाचेन. आणि काहीच झालं नाही. एक पाऊस गेला, दुसरा गेला. तेव्हा कुठे तिला ती गोष्ट हळूहळू दिसायला लागली, जी तिच्या मुलखातल्या कुठल्याही अडाणी पोरीनेही सांगितली असती. बोललेलं एकदा पावलं की ते गेलं. जी नाचत नाही तिच्याकडे नाच शिल्लक राहत नाही, तिच्या डोक्यावर नुसती थकबाकी राहते. बरणी सारन जन्मली त्या दिवशीच रिकामी झाली होती, ती नुसतं झाकण सांभाळत बसली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, जे आईने फेडलं नाही ते लेकीकडून वसूल होत असेल तर? हे तिने कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर इमामसाहेब म्हणाले असते, अज्ञान आहे सगळं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या, नळ्या बंद आहेत. दोघांचंही बरोबर असेल. पण सारन महिन्याच्या त्या दिवसांत घरी येऊन मुकाट्याने पोट शेकत बसायची, तेव्हा नानतेनिन तिच्याकडे पाठ करून उगाच कोरडी कापडं पुन्हा पिळायची. सगळ्यांना वाटायचं तिने गावी कधीच फेडलंय. सारनलाही तेच वाटायचं. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

पण आता चिंध्या. म्हणजे सुटका. म्हणजे काही वसूल झालं नाही, पोरीने स्वतःचं स्वतः मिळवलं, आईच्या थकबाकीला वळसा घालून. नानतेनिन उठली, पाय धुतले, डोक्याला चांगलं कापड बांधलं आणि लान्सिनेकडे गेली. कोनाक्रीच्या सिम्बाया वस्तीत तिच्या मलिंके लोकांच्या बारशा-लग्नांना ढोल म्हणजे लान्सिनेचाच. त्याच्या आणि तिच्या कुळांत जुन्या काळापासून थट्टेचं नातं, त्यामुळे दोघांनी साठी ओलांडली तरी भेटले की शिव्यांनीच सुरुवात. तो दारात बसून जेम्बेवर नवं कातडं ताणत होता. दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून, दात ओठात रोवून. “या, आमच्या गुलामबाई आल्या,” तो मान वर न करता म्हणाला, “मालकासाठी पाणी तरी आणायचंस.” “चवळ्या खाऊन पोट फुगलंय तुझं, पाणी कुठे मावणार?” ती म्हणाली आणि उंबऱ्यावर टेकली. तो हसला, दोरीची गाठ मारली आणि कातड्यावर बोटं आपटून आवाज पाहिला. कोरडा, उंच. “उद्या सकाळी,” तो म्हणाला, “ऊन चढायच्या आत. तुझ्या लेकीने कोला आणून दिले. तुला ठाऊकच असेल.” “काय मागितलं होतं म्हणाली?” “ढोलवाल्याने विचारायचं नसतं ते. आणि विचारायचंय काय त्यात? तिच्या वयाची बाई काय घर मागते होय?” तो डोळे मिचकावून म्हणाला. मग एकदम कामाचं बोलायला लागला. इथे गाव नाही, वेस नाही, मग फेरा कुठून कुठे घालायचा यावर म्हाताऱ्यांत कालपासून भांडण चालू होतं. कुणी म्हणे मशिदीपासून पेट्रोल पंपापर्यंत, कुणी म्हणे हमरस्ता ओलांडायचा नाही, टॅक्सीवाले थांबत नाहीत. “मी म्हटलं, जिथवर माणसं तिला नावाने ओळखतात तिथवर तिचं गाव. झालं भांडण बंद. टायरवाल्याच्या मागे आंब्याचं झाड आहे, तिथे पुरायचं.” मग तो म्हणाला, “आणि गाणं तू उचलायचंस. नाचून झालेल्या बाईनेच उचलायचं असतं, आणि इथे तुझ्यावाचून आहे कोण? एक तेने आजी, पण तिचा आवाज म्हणजे बिजागरी. तू तर याच पोरीसाठी नाचली असशील, नाही का?”

“हं,” नानतेनिन म्हणाली. एवढंच बोलली, आणि ते ‘हं’ तोंडातून गेल्यावर कितीतरी वेळ जिभेवर राहिलं, तुरट, कोलाच्या पहिल्या चावासारखं. परत येताना वाटेत टायरवाल्याच्या दुकानामागचं झाड तिने पाहिलं. खाली बाटल्यांची झाकणं, तेलाचे डबे, एक बकरी. तिच्या गावच्या झाडाखाली जमीन मऊ होती, कारण आज्या-पणज्यांच्या चिंध्या तिथेच कुजून माती झालेल्या. लहानपणी मुली तिथे खेळायला जात नसत, भीतीने नव्हे, तर दुसऱ्यांचे कपडे तुडवू नयेत म्हणून. तिच्या आईचंही तिथे काहीतरी होतं. काय मागितलं होतं हे आईने सांगितलं नाही कधी, आणि आता विचारायचं कुणाला? लाल धुळीतून एक पिवळी टॅक्सी हॉर्न वाजवत गेली. नानतेनिन नाल्याच्या कडेला उभी राहिली. उद्या आपण पुढे उभं राहून गाणार, आणि सगळ्या बायका आपल्या तोंडाकडे बघून गातील. आवाज निघेल का, एवढाच प्रश्न होता. इतकी वर्षं नाही बोलले, आणखी एक सकाळ नाही बोलले तर काय होतंय, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. ते पटण्यासारखं होतं, आणि तिला ते पटलंही.

शनिवारचं दुकान दुपारी बंद व्हायचं. सारन आली तेव्हा नानतेनिनने रताळ्याच्या पाल्याचं कालवण केलं होतं, धुरी दिलेला मासा घालून, वर मुद्दाम लिंबाच्या फोडी. पोरीला आंबट खावंसं वाटतं का, माशाच्या वासाने नाक मुरडते का, हे ती चोरून बघत होती. सारनने मासा आधी संपवला, लिंबाकडे पाहिलंही नाही, आणि भात पुन्हा घेतला. आई असं काय बघतेस, म्हणाली. काही नाही, जेव. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी रेडिओवर फुटबॉलची मॅच चालू होती. फोदे टँकर घेऊन कांकानला गेला होता, तो परवापर्यंत येणार नव्हता; हीही एक गंमत, नानतेनिनला वाटलं, बाप होणारा माणूस डांबरी रस्त्यावर आणि इथे उद्या ढोल. तिने पुन्हा भात वाढायला हात पुढे केला आणि शेवटी राहवलंच नाही. “कितवा महिना?”

सारनचा घास हातातच राहिला. क्षणभर तिला कळलंच नाही, मग कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं आणि मग ते गेलं. “तुला माबिंतीमावशीने सांगितलं वाटतं. तिच्या पोटात काही राहत नाही. आई, तसं काही नाहीये.”

“मग चिंध्या कशाला? लान्सिनेला कोला कशाला?”

“बोलले होते म्हणून.”

“काय बोलली होतीस?”

सारनने हात धुतले. फार सावकाश धुतले, एकेक बोट. “पावसाळ्यात,” ती म्हणाली. “दवाखान्यात. तुला आठवत नाही तेव्हाचं.”

नानतेनिनला तेव्हाचं खरंच थोडंच आठवत होतं. पोटात दुखून ती पिंपापाशीच कोसळली होती, मग एकदम छताचा पंखा, त्याचं एक पातं वाकडं, आणि फिरताना होणारा टक-टक आवाज, आणि कुणीतरी ओठांना ओला कापूस लावतंय. मधले दिवस नव्हतेच. ती उठून बसायला लागली तेव्हा सारन वाळून काठी झाली होती, हे मात्र आठवत होतं. तेव्हा तिने पोरीला रागावून म्हटलं होतं, मला झालंय की तुला? “डॉक्टर म्हणाले होते, आता घरी न्या,” सारन सांगत होती, “म्हणजे कशासाठी ते कळलं मला. फोदे गाडी आणायला गेला. तू तोंड उघडं टाकून पडली होतीस, आई, दातसुद्धा दिसत होते. मला काही सुचेना. माझ्याकडे एवढंच होतं. मग बोलले.”

“आणि?”

“आणि काय? तू आहेस ना.”

नानतेनिनला आधी राग आला. इतका राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. कानांत गरम वाफ गेल्यासारखं झालं. “अक्कल गहाण टाकली होतीस का गं?” ती ओरडली, आणि भिंतीपलीकडचा रेडिओ कुणीतरी बारीक केला. “एकदाच मिळतं ते! एकदाच! माझ्या हाडांवर घालवलंस? माझं काय राहिलंय आता? तुझ्या पोटासाठी ठेवायचं ते, रांडे, तुझ्या पोटासाठी!” तिने हातातला डाव भांड्यावर आपटला. सारन तशीच बसून राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं. “माहीत आहे मला एकदाच मिळतं ते,” ती म्हणाली. “तू लहानपणापासून सांगतेस. अडीअडचणीला राखून ठेवावं म्हणून. मला त्याहून मोठी अडचण नाही सुचली.” मग जणू विषय बदलावा म्हणून तिने विचारलं, “तू माझ्यासाठी नाचलीस तेव्हा आजी आली होती का गं नाचायला? की तेव्हाही तोंड वाकडं करून बसली होती?”

आता सांगावं, असं नानतेनिनला वाटलं. तोंड उघडलंही. पण तिच्या तोंडून निघालं ते, “भांडी घास, संध्याकाळ होईल.” सारन भांडी घेऊन नळाकडे गेली. नानतेनिन तिथेच बसून तिची पाठ बघत राहिली. खांद्याची हाडं अजून वर आलेली होती, पावसाळ्यातली. या पोरीने क्षणभरही हिशेब केला नव्हता. बरणी उघडली आणि ओतली. आणि आपण? गोवर, भाडं, परीक्षा, सगळ्यांत पोरीचं मोल करत बसलो, हे एवढं मोठं आहे का, ते तेवढं मोठं आहे का, आणि शेवटी जिच्यासाठी ते बोललो होतो तिलाच त्यातून वगळलं. ती जन्मली याचा नाच कुणीच नाचलं नव्हतं. सगळ्या जगात एकीने तरी नाचायला हवं होतं, आणि ती एकटीच होती, आणि ती नाचली नव्हती. ही लाज होती, पण तिला वाटली होती तशी नव्हती. जळजळ नव्हती, उलट खूप दिवस आवळून धरलेली मूठ कुणीतरी हळूच सोडवावी तसं काहीतरी होतं. ऊन भिंतीवरून उतरून अंगणात आलं आणि पुन्हा वर गेलं. तिने संध्याकाळची नमाज बसूनच पढली.

सकाळी अंगणाबाहेर बायका जमल्या होत्या. लान्सिनेने जेम्बे गळ्यात अडकवला होता, त्याचा भाचा मोठा ढोल घेऊन मागे, आणि समोर माबिंती, बोलावणं नसताना, हातात मासे उलटायचा झारा तसाच घेऊन, “काय आहे हे तरी बघू द्या” म्हणत. सारन मागल्या खोलीतून आली. अंगावर ठिगळंच ठिगळं, कुणाचा झगा, कुणाचं कमरेचं कापड, केसांत गवत खोवलेलं. बायकांनी आरोळी दिली. “नानतेनिन!” लान्सिने ओरडला, “गुलामबाई, गाणं उचला, मालक ताटकळलेत!” आणि तेव्हा नानतेनिन दारात आली. तिने सारनने गोळा केलेल्यातून उरलेलं सगळं अंगावर चढवलं होतं. एक बाही लांब, दुसरीकडे बाहीच नाही, कमरेला दोरी, आणि डोक्यावर सिमेंटच्या पोत्याचा तुकडा बांधलेला. एका हाताने तिने चौकट धरली होती. बायकांना आधी वाटलं ती थट्टा करतेय, दोघी-तिघी हसल्याही. “मला गाणं उचलता येणार नाही,” ती म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज निघणार नाही, पण तो साधा रोजचाच निघाला. “तेने आजीला उचलू दे. मी नाचलेले नाही. हिच्या वेळचं माझं फेडायचं राहिलंय.”

माबिंतीला त्यातलं काही कळलं नव्हतं, ती एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. तेने आजीने जमिनीकडे पाहिलं. कोनाक्रीत आल्यापासून कितीजणींच्या बारशाला, लग्नाला, चाळीसाव्याला नानतेनिन मोठेपणाने पुढे उभी राहिली होती, ते सगळं त्या अंगणात येऊन उभं राहिल्यासारखं तिला वाटलं. मग लान्सिने खाकरला. “बघा, लोकहो,” तो म्हणाला, “म्हणूनच मी म्हणतो, गुलामांच्या हाती काम देऊ नये. चौतीस वर्षांनी उगवतात.” एक बाई फिस्सकन हसली, मग दुसरी, आणि तेने आजी तर बोळक्या तोंडाने इतकी हसली की तिला खोकला लागला. “आणि कोला?” लान्सिनेने विचारलं. नानतेनिनने कमरेची गाठ सोडून कोला काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. त्याने एक फोडून तोंडात टाकला आणि ढोलावर हात मारला. सारन आईकडे बघत होती. तिचे ओठ हलले. “म्हणजे तू...” “तुझाच राहिलाय,” नानतेनिन म्हणाली. “चल पुढे. ऊन चढतंय.”

आणि मग पावलं पडायला लागली. तेने आजीचा आवाज खरंच बिजागरीसारखा होता, पण बायका त्याला धरून गायला लागल्या. मशीद आली, इमामसाहेब ओट्यावर बसून पेपर वाचत होते, त्यांनी तो जरा वर धरला. औषधांचं दुकान आलं, सारनच्या शेजारी बसणारी मुलगी शटर अर्धवट उघडून तोंडावर हात ठेवून उभी राहिली. नानतेनिनचे पाय पहिल्यांदा ढोलाच्या मागे पडत होते, मग बरोबर पडायला लागले. पावलं तिने कधी कुणाकडून शिकली नव्हती, लहानपणी नुसती पाहिली होती, तरी ती तिथे होती. छातीत भाता चालू होता. पावसाळ्यातल्या ऑपरेशनचा पोटावरचा टाका ओढत होता. दुसऱ्या वळणावर तिच्या मनाने पुन्हा जुनीच खोड केली: आता फेडलं, आता तरी पोरीला... आणि तिने ते तिथेच सोडून दिलं, वाटेत, केळीवालीच्या टोपलीपाशी. यात देणंघेणं नव्हतं. हे झालेल्याचं होतं. मुलगी झाली होती, पावसाच्या तोंडावर, काळ्याभोर केसांची, आणि रडायच्या आधी तिला शिंक आली होती. हे ती इतकी वर्षं विसरून गेली होती. नानतेनिन मोठ्याने हसली आणि तिचा श्वास चुकला.

गाण्यात आता विचारायची वेळ आली. बायका आधी सारनभोवती फिरल्या: काय गं मागितलंस, काय गं मिळालं? सारनने मागे वळून न बघता आईकडे हात केला, आणि बायकांचा आवाज क्षणभर खाली गेला, कारण बहुतेकींना पोट ऐकायचं होतं. मग तो पुन्हा वर चढला. आता त्या नानतेनिनकडे वळल्या. काय गं मागितलंस, काय गं मिळालं? तिला उत्तर द्यायला दम पुरेना. त्यांनी पुन्हा विचारलं. टायरवाल्याचं दुकान समोर आलं होतं, रस्ता तिथे फुटलेला होता, आणि लान्सिने उलटा चालत, तिच्या तोंडाकडे बघत, हात हलके करून तिच्या श्वासासाठी थांबला होता. माबिंतीही आता गात होती, शब्द येत नसताना, सगळ्यांत मोठ्याने. काय गं मिळालं?

“ती,” नानतेनिन म्हणाली.

“कोण गं?”

“ती. पुढे नाल्यावरून उडी मारतेय ना, ती.”